माप कुणाच्या हातात?

१ मे १९६० ते मार्च १९९५. मधली पुलोदची (शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारची) जेमतेम दीड वर्षं आणि राष्ट्रपती राजवटीचे थोडे महिने सोडले, तर या पस्तीस वर्षांत महाराष्ट्रावर काँग्रेसचंच राज्य होतं. या काळावर वाद निघाला की तो ठरलेल्या वळणाने जातो. एक जण कोयना, जायकवाडी, उजनी, एमआयडीसी, साखर कारखाने, रोजगार हमी अशी यादी म्हणून दाखवतो. दुसरा विचारतो, मग मराठवाड्यात टँकर कशाला लागतात? पहिला म्हणतो, इतर राज्यांत जाऊन बघा. दुसरा एखाद्या घोटाळ्याचं नाव घेतो. अर्ध्या तासाने दोघंही जिथल्या तिथे असतात, आवाज तेवढे चढलेले असतात.

यादीही खरी असते आणि घोटाळाही. अडचण वेगळीच आहे. एकच पक्ष इतकी वर्षं सत्तेत असला की श्रेय आणि दोष वेगळे काढायला जागाच उरत नाही. जायकवाडीची कोनशिला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते ऑक्टोबर १९६५ मध्ये बसली. धरणाचं लोकार्पण इंदिरा गांधींच्या हस्ते फेब्रुवारी १९७६ मध्ये झालं. कालव्यांची कामं त्यानंतरही चालूच राहिली. कोनशिला त्यांचीच, लोकार्पणही त्यांचंच, आणि मधल्या दहा वर्षांचा जाब विचारायला नवं सरकार कधी आलंच नाही. जो बांधतो तोच मोजतो, आणि पाच वर्षांनी तोच ते आकडे घेऊन मतं मागायला येतो.

म्हणून या वादात एक प्रश्न मला सगळ्यांत कामाचा वाटतो. या सरकारने स्वतःविरुद्ध वापरता येईल असं कोणतं माप लोकांच्या हातात दिलं, आणि कोणतं काढून घेतलं? या प्रश्नाला प्रामाणिकपणे भिडलं की काँग्रेसच्या त्या पस्तीस वर्षांत अभिमान वाटावा अशा जागा सापडतात आणि संताप यावा अशाही.

अभिमानाची सगळ्यांत मोठी जागा म्हणजे रोजगार हमी योजना (रोहयो), म्हणजे मागेल त्याला सरकारने काम देणं. कल्पना वि. स. पागे यांची. ते विधान परिषदेचे सभापती होते, आणि तासगाव तालुक्यात या कल्पनेचा प्रयोग आधी करून पाहिला गेला होता. १९७२ मध्ये योजना सुरू झाली आणि लगेच दुष्काळाने गाठलं. १९७३ च्या उन्हाळ्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणं, पाझर तलाव, नाला बंडिंग, रस्ते. खायला मिलो (आयात केलेली ज्वारी) आणि सुकडी (पौष्टिक कोरडं पीठ). त्या आठवणी अजून हजारो घरांत आहेत, त्यावर वेगळं लिहायला नको.

मोलाची गोष्ट त्यानंतरची आहे. दुष्काळ सरला तरी योजना गुंडाळली गेली नाही, तिचा कायदा झाला. रोजगार हमी अधिनियम, १९७७. दोन्ही सभागृहांनी तो एकमताने मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. तोवर सरकार पुलोदचं होतं, हेही लक्षात ठेवावं. एका पक्षाच्या खात्यावर अख्खा कायदा टाकता येत नाही. पैशाची सोय १९७५ च्या व्यवसायकराने आधीच झाली होती. या कराचं जेवढं उत्पन्न, तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची. शहरातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकावर दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापलेले दिसतात ना, त्या कपातीचं मूळ हे आहे. खेड्यातल्या माणसाच्या कामाच्या हक्कासाठी शहराने कर भरायचा, हे ठरवायला धैर्य लागतं. ते त्या पिढीच्या राज्यकर्त्यांनी दाखवलं.

कायद्याने मजुराच्या हातात नेमकं काय ठेवलं? नमुना ४ मध्ये कामाची मागणी. मागणी केली की तारखेची पोच, तीच नमुना ५. त्या तारखेपासून पंधरा दिवसांत काम. नाही दिलं तर बेकारी भत्ता. म्हणजे सरकार चुकलं की नाही हे ठरवायला एक कागद आणि एक तारीख पुरेशी होती. एवढं साधं, गरीब माणसाला वापरता येईल असं माप देशात त्याआधी कुठल्या राज्याने दिलं नव्हतं. २००५ मध्ये केंद्राचा रोजगार हमी कायदा झाला तो याच पायावर.

आता बिघाड कुठे झाला तेही बघू. बेकारी भत्ता ठरला दिवसाला किमान एक रुपया. इतक्या छोट्या दंडाला कोणतंही खातं घाबरत नाही. त्यातून पोच देण्याची टाळाटाळ सुरू झाली. 'अर्ज ठेवून जा, काम निघालं की कळवतो' असं म्हटलं की तारीखच पडत नाही, आणि तारीख नसली की पंधरा दिवस मोजायचे कुठून? त्यात नवं काम काढायला किमान पन्नास मजूर लागत. पंधरा-वीस घरांच्या वाडीने मागणी केली तरी पन्नासचा आकडा भरत नसे, आणि मग जिल्ह्यात कुठेही लांब काम दाखवून 'आम्ही दिलं, तेच गेले नाहीत' अशी नोंद होई.

मजुरीचं मोजमाप हा तर स्वतंत्र विषय आहे, आणि रोहयोवर मत देणाऱ्या प्रत्येकाने तो समजून घ्यायला हवा. मजुरी दिवसावर नव्हती, खोदलेल्या मातीवर होती. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल खणलं की शंभर घनफूट, म्हणजे एक ब्रास. खोली नंतर मोजता यावी म्हणून खड्ड्याच्या मध्ये मातीचा एक खांब न खणता ठेवतात. त्याच्या माथ्यापर्यंत मूळ जमीन होती, एवढी त्याची साक्ष. मग दर ठरतो जमिनीच्या जातीवर: माती, मुरूम, कठीण मुरूम, मऊ खडक. त्यावर लीड, म्हणजे माती किती लांब नेऊन टाकली, आणि लिफ्ट, म्हणजे किती उंच चढवली.

इथे प्रत्येक पायरीवर मजुराचा पैसा गळू शकतो. कुदळ लागत होती मुरमाला आणि मोजमाप पुस्तिकेत लिहिली साधी माती, की दर पडला. मोजायला येणारा अभियंता आठ-दहा दिवस उशिरा आला आणि मधे पाऊस झाला, की खड्ड्यात गाळ बसतो, खोली कमी भरते, मजुरी कमी निघते. मोजणी टोळीची एकत्र होते आणि पैसे हजेरीपटावरच्या नावांत वाटले जातात. म्हणून बोगस नावाचा फटका सरकारी तिजोरीपेक्षा आधी शेजारी राबणाऱ्या बाईला बसतो: वीस जणांनी खणलेल्या मातीचे पैसे पंचवीस नावांत वाटले, की प्रत्येकाची एक पंचमांश मजुरी गेली. 'रोहयोवर लोक काम करत नाहीत, म्हणून मजुरी कमी निघते' हे वाक्य मी अनेक सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकलंय. मोजमाप पुस्तिका उघडून पाहिल्याशिवाय ते वाक्य कुणी बोलू नये.

कामं अर्धवट का राहत, याचंही कारण नियमातच होतं. खर्चाचा साठ टक्के भाग अकुशल मजुरीवर जायलाच हवा, साहित्य आणि कुशल कामाला फार तर चाळीस. मजुरांच्या दृष्टीने हा नियम योग्यच. पण रस्त्याला मोऱ्या लागतात, पाझर तलावाला पक्का सांडवा लागतो, आणि तिथे सिमेंट आलं की प्रमाण बिघडतं. मग मातीकाम पूर्ण, मोरी बाकी, आणि पहिल्याच पावसाळ्यात रस्ता वाहून जातो. दुसऱ्या खात्याच्या निधीतून मोरी बांधता आली असती. खात्याखात्यांत तो मेळ घालणं मंत्रालयाचं काम होतं, आणि सलग सत्तेत असलेल्या पक्षाला त्यासाठी वेळ मिळाला नाही असं तरी म्हणता येणार नाही. १९९० नंतर रोहयोशी फळबाग लागवड जोडली तेव्हा हा मेळ जमला, आणि कोकणातल्या आंब्यापासून सोलापूरच्या डाळिंबापर्यंत त्याचा परिणाम दिसला. जमू शकत होतं, हे त्यातून सिद्धच झालं.

दुसरं माप दांडेकर समितीचं. प्रादेशिक असमतोलावर ओरड वाढली तेव्हा १९८३ मध्ये वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि १९८४ मध्ये अहवाल आला. समितीने काय केलं ते नीट पाहण्यासारखं आहे. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने अशा प्रत्येक क्षेत्रासाठी एक निदर्शक धरला. राज्याची सरासरी काढली. जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याला सरासरीपर्यंत आणायला किती खर्च येईल तो त्या जिल्ह्याचा अनुशेष. सिंचनासाठी तर वेगवेगळ्या पिकांचं ओलित रब्बी समतुल्यात बदलून घेतलं, म्हणजे ऊस आणि ज्वारीचा एकर एका पारड्यात बसणार नाही. एकूण अनुशेष निघाला ३,१८६ कोटी रुपयांचा. त्यात विदर्भ सुमारे ३९ टक्के, मराठवाडा साडेतेवीस, आणि उर्वरित महाराष्ट्र ३७ टक्क्यांच्या वर.

हा शेवटचा आकडा वादात बहुतेक वेळा कुणी सांगत नाही. समितीने एकक जिल्हा धरला, विभाग धरला नाही, म्हणून कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या कोरड्या पट्ट्यांचं मागासलेपणही उघडं पडलं. सत्ताधाऱ्यांनी स्वतः नेमलेल्या समितीने सत्ताधाऱ्यांचाच पंचवीस वर्षांचा ताळेबंद असा आकड्यांत मांडला, ही साधी गोष्ट नाही.

पुढे काय झालं? १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वैधानिक विकास मंडळं आली, आणि निदर्शक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ च्या स्थितीवर नवा हिशोब काढला तेव्हा अनुशेष १४,००६ कोटी भरला. इथे अनेक जण घसरतात. 'दहा वर्षांत अनुशेष साडेचार पट झाला' असं म्हणतात. मधल्या काळात सिमेंट, लोखंड, मजुरी सगळंच महागलं, निदर्शकही बदलले, त्यामुळे रुपयांची तुलना फसवी आहे. वाटा बघावा. विदर्भाचा वाटा ३९ वरून ४७ टक्क्यांवर गेला, मराठवाड्याचा साडेतेवीसवरून साडेअठ्ठावीसवर. माप हातात होतं, रोग कुठे आहे ते ठाऊक होतं, आणि तरी दरी रुंदावली. या अपयशाला 'माहीत नव्हतं' हा बचाव नाही. त्या काळातल्या राज्यकर्त्यांवरचा हा सगळ्यांत जड आरोप मी मानतो.

जिल्हा परिषदांचं तर याहून दुःख वाटतं. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर १९६२ मध्ये महाराष्ट्राने जिल्हा परिषदा उभ्या केल्या, प्राथमिक शिक्षण आणि आरोग्यापासून लहान पाटबंधाऱ्यांपर्यंत खरे अधिकार दिले, देशभरातून लोक हा कारभार बघायला येत. आणि त्याच राज्यात १९७९ च्या निवडणुकीनंतर पुढची निवडणूक झाली ती १९९२ मध्ये. तेरा वर्षं! पाच वर्षांनी मतपेटीतून जाब विचारायचं माप लोकांच्या हातून सरळ काढून घेतलं गेलं. पंचायत राज ही काँग्रेसची कामगिरी म्हणून सांगायची असेल तर ती या तेरा वर्षांसकट सांगावी.

आता पाणी. सिंचनावरचा मोठा वाद पेटला २०१२ मध्ये, काँग्रेस-राष्ट्रवादीच्या पंधरा वर्षांत. २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत दिसलं की राज्यातल्या ओलिताखालच्या क्षेत्राचं एकूण पिकाखालच्या क्षेत्राशी प्रमाण दहा वर्षांत १७.८ वरून १७.९ टक्क्यांवर आलं आहे. या काळात सिंचनावर हजारो कोटी खर्च झाले होते. सिंचन प्रकल्पांतल्या गैरव्यवहारांवरचं मुख्य अभियंता विजय पांढरे यांचं पत्र गाजलं, श्वेतपत्रिका निघाली, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक बसलं. जलसंपदा खात्याचं म्हणणं, आमची सिंचनक्षमता भरपूर वाढली आहे. विरोधकांचं म्हणणं, ०.१ टक्का. लोक गोंधळले, कारण दोघंही वेगवेगळी गोष्ट मोजत होते.

सिंचनक्षमता म्हणजे धरण आणि कालवा पुरा झाला, तर ठरवलेल्या पीकरचनेत किती हेक्टर भिजू शकेल याचा कागदी अंदाज. तो बांधणारं खातंच मांडतं. प्रत्यक्ष सिंचित क्षेत्र म्हणजे हंगामात पाणी खरोखर पोचलेली जमीन. ते दोन ठिकाणी नोंदलं जातं: पाटबंधारे शाखेतला मोजणीदार पाणीपट्टी आकारायला कालव्यावरचं पीक मोजतो, आणि पीकपाहणीत सातबाऱ्यावर सिंचनाचं साधन लिहिलं जातं. ही पीकपाहणी आधी तलाठी करत असे, २०२१ पासून शेतकरी स्वतः मोबाइलवर ई-पीकपाहणी नोंदवतो. मोजणीदारांच्या जागा रिकाम्या राहिल्या, पीकपाहणी चावडीत बसून होऊ लागली, की दोन्ही आकडे ढासळतात आणि शिल्लक राहतो फक्त क्षमतेचा आकडा, जो कधीच कमी होत नाही. कालवा फुटला तरी तो कमी होत नाही.

क्षमता आणि प्रत्यक्षात अंतर का पडतं, याची कारणं कालव्यावर चालत गेलं तर उघड दिसतात. मुख्य कालव्यापासून वितरिका, लघुवितरिका, चारी, शेतचारी अशी उतरंड असते. मुख्य कालव्याच्या कामाला निधी मिळतो, शेतचाऱ्या राहून जातात. त्यांचं उद्घाटन करायला कोण येणार? अस्तरीकरण निखळलं, गाळ साचला, झुडपं वाढली की वहनक्षमता घटते. विमोचकांची (कालव्यातून चारीत पाणी सोडणाऱ्या मुखांची) गेटं मोडलेली असतात, त्यामुळे वरचा शेतकरी पाहिजे तेवढं घेतो. नियम सांगतो की पाणीपाळी (आळीपाळीने पाणी देणं) शेवटाकडून सुरू करत वर यायचं, आणि चालतं नेमकं उलटं. धरणाच्या जलाशयातून उपसा होतो, शहरं आणि वीजकेंद्रांचा वाटा वाढत जातो. शिवाय आराखडा असतो ज्वारी-गव्हाचा आणि उभा राहतो ऊस. ज्वारीला हंगामात चार पाळ्या पुरतात, ऊस बारा महिने पितो. त्यामुळे वरच्या गावात हिरवंगार आणि टोकाच्या गावात कोरडी चारी, हे एकाच कालव्यावर एकाच दिवशी दिसतं.

न्यायाने हेही सांगायला हवं की १९९५ मध्ये सरकार बदललं तरी माप बदललं नाही. शिवसेना-भाजप युतीने १९९६ मध्ये कृष्णा खोरे महामंडळ काढलं, रोखे विकून पैसा उभा केला, कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाने आपल्या वाट्याचं पाणी वापरायला दिलेली मे २००० ची मुदत गाठण्यासाठी कामांची झुंबड उडाली. त्याही काळात जाहीर व्हायचा तो क्षमतेचाच आकडा. आणि २०१२ च्या वादानंतर सगळ्यांत वाईट गोष्ट घडली ती अशी: आर्थिक पाहणीत सिंचित क्षेत्राच्या त्या रकान्यात पुढची कित्येक वर्षं 'उपलब्ध नाही' असंच छापून येत राहिलं. आकडा चुकीचा असेल तर सुधारता येतो. तो छापायचाच बंद केला की पुढच्या कोणत्याही सरकारचं यश किंवा अपयश तपासायची सोयच संपते.

सहकाराबद्दल थोडक्यात, कारण त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. साखर कारखान्याला भागभांडवल सरकारचं, कर्जाला हमी सरकारची, आणि कारखान्याचा अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचा आमदार. देणारा, घेणारा आणि तपासणारा एकाच बाकावर. प्रवरेसारख्या सुरुवातीच्या कारखान्यांनी शेतकऱ्याला सावकाराच्या तावडीतून सोडवलं, हे निर्विवाद. पण निवडणुकांसाठी स्वतंत्र सहकार निवडणूक प्राधिकरण यायला २०१२ मध्ये लागू झालेली ९७वी घटनादुरुस्ती व्हावी लागली, हेही तितकंच खरं.

ज्यांना हा वाद घोषणांच्या पलीकडे न्यायचा आहे त्यांनी आपल्या गावापुरतं सुरू करावं. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर होतो. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून 'गावातल्या सर्व कामांची माहिती' असं मागू नये. अर्ज फेटाळायला ते निमित्त पुरतं. एका कामाचं नाव आणि वर्ष लिहून हजेरीपट व मोजमाप पुस्तिकेच्या साक्षांकित प्रती मागाव्यात. कालव्यासाठी एकाच वितरिकेचं नाव, एकच रब्बी हंगाम, आणि दोन गोष्टी: प्रत्येक पाळीतल्या विसर्गाची नोंदवही आणि मोजणीदाराने नोंदवलेलं क्षेत्र. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या तीस दिवसांत वीस रुपयांच्या स्टॅम्पवर पहिलं अपील करायचं. बरेचदा माहिती तिथेच सुटते.

कागद आले की गटनंबर घेऊन त्याच हंगामाच्या ई-पीकपाहणीशी पडताळावेत. रब्बीचा आकडा रब्बीशीच लावायचा, उन्हाळी पाळीचा त्यात मिसळायचा नाही, विहिरीवरचं ओलित वेगळं काढायचं, नाहीतर कालव्याच्या नावावर विहिरीचं पाणी जमा होतं. हजेरीपट तपासताना नावं वस्तीत जाऊन वाचून दाखवायची. आणि कालव्यावरची पाहणी पाळी चालू असतानाच करायची, टोकाच्या विमोचकापासून सुरुवात करून धरणाकडे चढत जायचं.